स्कॅलॉप : शिंपल्यावरून प्राणी कसा ओळखावा

शिंपल्याचे चित्र काढायला सांगितले तर बहुतेक जण एकच आकार काढतात. वर निमुळते टोक, तिथून पंख्यासारखा पसरत गेलेला गोलसर पृष्ठभाग, टोकापासून कडेपर्यंत किरणांसारखे गेलेले कंगोरे आणि खाली नागमोडी कड. हा आकार स्कॅलॉप नावाच्या सागरी प्राण्यांच्या कुळाचा आहे. स्पेनमधल्या सांतियागो दे कॉम्पोस्तेला या तीर्थक्षेत्राला पायी जाणारे यात्रेकरू मध्ययुगापासून हाच शिंपला खूण म्हणून जवळ बाळगत आले आहेत. शास्त्रीय भाषेत या कुळाला पेक्टिनिडी म्हणतात. लॅटिनमध्ये ‘पेक्टेन’ म्हणजे कंगवा, आणि कंगोऱ्यांकडे पाहिले की हे नाव का पडले ते लगेच कळते. आज या कुळातल्या सुमारे तीनशे जाती जगभरच्या समुद्रांत, उथळ किनाऱ्यापासून खोल तळापर्यंत आढळतात.

आकार इतका ओळखीचा असूनही त्याच्या आत राहणारा प्राणी मात्र फारसा कुणाला माहीत नसतो. दोन झडपांचे, म्हणजे दोन भागांचा शिंपला असलेले, प्राणी म्हणजे कालवे, तिसऱ्या यांच्यासारखे चिखलात रुतलेले किंवा खडकाला चिकटलेले, पाणी गाळून खाणारे आणि धोका दिसला की झडपा मिटून घेणारे जीव, अशीच आपली समजूत असते. स्कॅलॉपही पाणी गाळूनच खातो. पण तो पोहतो, आणि त्याला दोनशेपर्यंत डोळे असू शकतात. हे सगळे त्याच्या रिकाम्या शिंपल्यावरून बऱ्याच अंशी वाचता येते, आणि ते कसे वाचायचे हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

एक झडप हातात घ्यावी. निमुळते टोक वर, बाहेरची बाजू आपल्याकडे. टोकाच्या दोन्ही बाजूंना छोटे त्रिकोणी पंख दिसतात, त्यांना ‘कान’ म्हणतात. दोन्ही झडपांच्या कानांची वरची सरळ कड एकमेकींना जुळते तिथे बिजागरी असते. आता उजव्या हाताकडच्या कानाच्या खाली पाहावे. तिथे खोल खाच असेल तर ती प्राण्याची उजवी झडप. समुद्रतळावर स्कॅलॉप याच झडपेवर, म्हणजे उजव्या कुशीवर, आडवा पडलेला असतो. काही जातींत या खाचेच्या कडेला, झडपेच्या अंगाने, बारीक दातांची एक ओळ असते. ती इतकी लहान असते की भिंग घेतल्याशिवाय नीट मोजता येत नाही. दोन झडपांच्या इतर कोणत्याही कुळात अशी दातांची ओळ नसते, त्यामुळे एखादा शिंपला पेक्टिनिडी कुळातला आहे की नाही, हे ठरवण्याची ही सर्वांत भरवशाची खूण मानली जाते.

खाच आणि दात यांचे काम प्राण्याच्या बालपणाशी निगडित आहे. लहान स्कॅलॉप आपल्या पायातून चिवट धागे स्रवतो, ते खाचेतून बाहेर काढतो आणि त्यांच्या आधारे एखाद्या शेवाळाला, गवताला किंवा दगडाला स्वतःला बांधून घेतो. धागे एकत्र गोळा होऊन गुंतू नयेत, प्रत्येकाला आपापली जागा मिळावी आणि प्रवाहाचा ताण आला तरी शिंपला गर्रकन फिरू नये, यासाठी ते दातांच्या फटींतून वेगवेगळे बाहेर पडतात. काही जाती आयुष्यभर अशाच बांधलेल्या राहतात. काही थोड्या मोठ्या झाल्या की धागे सोडून देतात आणि मग दातांची ओळही वाढत्या शिंपल्यात बुजून जाते. काही मोजक्या जाती तर मोठेपणी खडकाला कायमच्या सिमेंटसारख्या चिकटून बसतात. एकाच कुळात राहण्याच्या इतक्या तऱ्हा असणे ही मला या प्राण्यांची सर्वांत मनोवेधक गोष्ट वाटते.

डावी झडप वर आणि उजवी खाली, हा फरक रंगातही उतरतो. वरची झडप बहुधा गडद, तपकिरी, लाल किंवा ठिपकेदार असते, तर खालची फिकट, कधी जवळजवळ पांढरी. युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर सापडणाऱ्या पेक्टेन मॅक्सिमस या मोठ्या जातीत आकारातही फरक आहे. तिची खालची झडप वाडग्यासारखी खोलगट, तर वरची जवळजवळ सपाट झाकणासारखी असते. हा प्राणी वाळूत उथळ खळगा करून त्यात बसतो आणि वरच्या सपाट झडपेवर वाळूचा पातळ थर पसरला की तळापासून तो वेगळा ओळखू येत नाही.

शिंपला तयार करण्याचे काम प्रावाराचे. प्रावार म्हणजे प्राण्याच्या शरीरावर दोन्ही बाजूंनी पांघरलेला मऊ पडदा. त्याच्या कडेतून शिंपल्याच्या कडेवर नवा थर चढत जातो, म्हणून निमुळत्या टोकाशी असलेला भाग सर्वांत जुना आणि बाहेरची कड सर्वांत नवी असते. प्रावाराची कड लहरी घेत वाढते, त्यामुळे कंगोरे उमटतात. त्यांचा उपयोग घराच्या छपरावरच्या पन्हाळी पत्र्यासारखा असतो: पातळ सपाट पत्रा सहज वाकतो, पण त्यालाच पन्हाळी घातल्या की तो कितीतरी जास्त भार सोसतो. कमी वजनात जास्त ताकद ही गोष्ट पोहणाऱ्या प्राण्यासाठी फार मोलाची आहे. शिवाय दोन्ही झडपांचे उंचवटे आणि खोलगट भाग कडेशी एकमेकांत बसतात, त्यामुळे मिटलेल्या झडपा सरकत नाहीत.

आता झडप उलटी करून आतली बाजू पाहावी. मध्याच्या जवळपास एक मोठा, गोलसर, किंचित चकचकीत डाग दिसतो. तिसऱ्यांच्या शिंपल्यात असे दोन डाग असतात, कारण त्यांच्या झडपा मिटवणारे स्नायू दोन असतात. स्कॅलॉपमध्ये पुढचा स्नायू नाहीसा झाला आहे आणि मागचा एकटाच मोठा होऊन मध्यभागी सरकला आहे. खवय्ये ज्या पांढऱ्या, गोल, घट्ट भागाला ‘स्कॅलॉप’ म्हणून ओळखतात तो हाच स्नायू. त्याचेही दोन भाग असतात. मोठा भाग आपल्या हातापायांच्या स्नायूंसारखा पट्टेदार असतो आणि झटकन आकसतो. त्याच्या कडेला चिकटलेला लहान भाग सावकाश आकसतो, पण एकदा आकसला की फारशी शक्ती न खर्चता तासन्‌तास तसाच राहू शकतो. झडपा मिटून बसण्यासाठी लहान भाग आणि पोहण्यासाठी मोठा, अशी ही कामाची वाटणी आहे.

स्नायू झडपा फक्त मिटवू शकतो. त्या उघडण्याचे काम बिजागरीच्या आत, दोन्ही कानांच्या मधोमध बसवलेली एक लहान लवचीक गादी करते. तिच्यात अ‍ॅबडक्टिन नावाचे रबरासारखे प्रथिन असते. झडपा मिटल्या की गादी दाबली जाते आणि स्नायू सैल पडताच ती उसळून झडपा उघडते. दाबताना घातलेल्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा ती परत देते, म्हणजे पोहताना प्रत्येक टाळीमागे फार थोडी ऊर्जा वाया जाते. रिकाम्या शिंपल्यात ही गादी बहुतेक वेळा गळून गेलेली असते, पण तिची त्रिकोणी खोबण बिजागरीच्या मध्यभागी स्पष्ट दिसते.

स्कॅलॉप पोहतो ते टाळ्या वाजवल्यासारख्या झडपा आपटून. झडपा उघडल्या की आत पाणी भरते. मिटताना प्रावाराची कड पडद्यासारखी खाली उतरते आणि पुढची फट बंद करते. आता पाण्याला वाट उरते ती फक्त बिजागरीच्या बाजूला, दोन्ही कानांखालच्या फटींतून. तिथून पाण्याच्या दोन चिळकांड्या मागे उडतात आणि प्राणी उलट दिशेने, म्हणजे बिजागरी मागे आणि उघडी कड पुढे अशा स्थितीत जातो. पाहणाऱ्याला तो पाण्याचे घास घेत चालला आहे असे वाटते. त्याच पडद्याची कड हव्या त्या ठिकाणी थोडी उचलून तो चिळकांडीची दिशाही बदलतो. समोरून अचानक धोका आला तर पडदा सैल सोडून पाणी पुढूनच बाहेर फेकतो आणि बिजागरीच्या दिशेने मागे उडी मारतो.

ही चपळाई फार वेळ टिकत नाही. टाळ्यांसाठी लागणारी ऊर्जा स्नायूत साठवलेल्या आर्जिनिन फॉस्फेट या संयुगातून तत्काळ मिळते, पण काही डझन टाळ्यांत हा साठा संपतो आणि तो भरून निघायला काही तास जातात. म्हणून स्कॅलॉपचे पोहणे हे लांबच्या प्रवासासाठी नसून जीव वाचवण्यासाठी आहे. चांगल्या पोहणाऱ्या जातींत याची तयारी शिंपल्यातच दिसते. अ‍ॅम्युसियम गटातल्या जातींचा शिंपला पातळ, बाहेरून गुळगुळीत आणि तबकडीसारखा असतो आणि त्याला बळकटी देणाऱ्या फासळ्या आतल्या बाजूला असतात, त्यामुळे बाहेरून पाण्याचा अडथळा कमी होतो. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या मोठ्या जातीत मध्यम वयाचे प्राणी सर्वांत चांगले पोहतात. पुढे शिंपला जड होतो आणि म्हातारे प्राणी बहुतेक वेळ तळावरच काढतात.

भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ मध्ये सूक्ष्म जीवांच्या पोहण्यावर लिहिताना याच प्राण्याचा दाखला घेतला. समजा, स्कॅलॉप जिवाणूएवढा लहान झाला. त्या मापावर पाणी दाट मधासारखे वागते आणि सुरू झालेली हालचाल पुढे रेटणारे जडत्व जवळजवळ शून्य होते. मग झडपा कितीही जोरात मिटून सावकाश उघडल्या, तरी मिटताना जेवढे पुढे जावे तेवढेच उघडताना मागे यावे लागते, आणि प्राणी जागच्या जागी राहतो. एकच बिजागरी असलेला देह त्या जगात पोहूच शकत नाही, हा तो नियम, आणि तो आज ‘स्कॅलॉप प्रमेय’ म्हणून शिकवला जातो. खऱ्या स्कॅलॉपला पोहता येते ते त्याच्या आकारमानामुळे. मागे फेकलेली चिळकांडी जडत्वाने मागे जातच राहते, आणि झडपा उघडताना पाणी तिथूनच परत न येता सगळ्या बाजूंनी आत येते.

पळून जायचे कुणापासून, तर मुख्यतः तारामाशापासून. तारामासा आपल्या शेकडो नळीसारख्या पायांनी दोन्ही झडपांना चिकटतो आणि त्या सावकाश ओढून उघडतो. त्याच्या त्वचेत सॅपोनिन नावाची रसायने असतात आणि स्कॅलॉपच्या प्रावाराच्या कडेवरच्या नाजूक मिशांना त्यांचा स्पर्श झाला की तो ताबडतोब उडी घेतो. शिंपले न खाणारा तारामासा जवळ आला तर बहुधा तो हलतही नाही. काही जातींच्या शिंपल्यावर स्पंज वाढलेला असतो. त्याच्या मऊ, सुटणाऱ्या पृष्ठभागावर तारामाशाच्या पायांची पकड बसत नाही, आणि स्पंजलाही फिरते घर मिळते. किनाऱ्यावर सापडलेल्या शिंपल्याच्या पाठीवर खरखरीत, छिद्राछिद्रांचा थर दिसला तर तो घाईने खरवडून टाकू नये.

आता डोळ्यांकडे येऊ. शिंपल्यावर त्यांची खूण राहत नाही, म्हणून जिवंत प्राणी पाहणाऱ्यालाच ते दिसतात. झडपा थोड्या उघडल्या की प्रावाराच्या कडेवर, मिशांच्या मधून मधून, मण्यांसारखे चकाकणारे ठिपके ओळीने दिसतात. काही जातींत ते गडद निळे असतात. प्रत्येक ठिपका एक पूर्ण डोळा, साधारण एक मिलिमीटर व्यासाचा. त्याला पारदर्शक पटल आहे, भिंगही आहे, पण प्रतिमा केंद्रित करण्याचे मुख्य काम भिंग करत नाही. डोळ्याच्या मागच्या भिंतीला एक अंतर्गोल आरसा आहे. प्रकाश आधी दृष्टिपटलातून आरपार जातो, आरशावर आदळतो आणि परत फिरून दृष्टिपटलावर प्रतिमा उमटवतो. आरशावर चालणाऱ्या दुर्बिणीचे काम असेच चालते. प्राणिशास्त्रज्ञ मायकेल लँड यांनी १९६५ मध्ये हे सिद्ध केले.

आरसा कशाचा, याचे तपशीलवार उत्तर २०१७ मध्ये मिळाले. तो ग्वानिनच्या स्फटिकांचा असतो. ग्वानिन म्हणजे आपल्या डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक. एरवी ग्वानिनचे स्फटिक असे चौकोनी होत नाहीत, पण स्कॅलॉपच्या डोळ्यात ते सूक्ष्म चौकोनी फरश्यांसारखे वाढतात, फटी न ठेवता एकमेकांना लागून बसतात, आणि अशा फरश्यांचे वीस ते तीस थर एकावर एक रचले जातात. थरांची जाडी अशी जुळवलेली असते की समुद्रात खोलवर पोहोचणारा निळा-हिरवा प्रकाश सर्वांत जास्त परावर्तित व्हावा. दृष्टिपटलही एक नसून दोन आहेत, एकामागे एक. आरसा किंचित तिरका असल्याने समोरच्या भागाची प्रतिमा एकावर आणि कडेच्या भागाची दुसऱ्यावर नीट उमटते. शिवाय दोघांचा स्वभाव वेगळा आहे: एक प्रकाश वाढला की संदेश पाठवतो, तर दुसरा प्रकाश कमी झाला की. सावली सरकली की झडपा पटकन मिटतात त्या या दुसऱ्यामुळे.

डोळे फक्त संकटासाठीच आहेत असेही नाही. पडद्यावर पाण्यातून वाहणाऱ्या कणांची चित्रे दाखवली, तेव्हा कणांचा आकार आणि वेग सोयीचा असेल तर स्कॅलॉप झडपा जास्त उघडतात असे प्रयोगात दिसले आहे. जणू खायला काय वाहत येते आहे याचा ते अंदाज घेतात. आणि हे सगळे डोके नसलेल्या प्राण्यात घडते. त्याला मेंदू नाही, मज्जापेशींच्या गाठी आहेत, आणि त्यांपैकी सर्वांत मोठ्या गाठीत डोळ्यांकडून येणारे संदेश एकत्र होतात. एखादा डोळा तुटला तर त्या जागी नवा उगवतो.

या प्राण्याचे आयुष्य मात्र डोळे आणि शिंपला दोन्ही नसताना सुरू होते. पेक्टेन मॅक्सिमस उभयलिंगी आहे. एकाच शरीरात फिकट पिवळसर वृषण आणि नारिंगी-लाल अंडाशय असते. काही जातींत नर-मादी वेगवेगळे असतात. अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडले जातात आणि फलन बाहेरच होते. त्यातून निघालेली अळी काही आठवडे प्रवाहाबरोबर तरंगते आणि बारीक केसांच्या झालरीच्या साहाय्याने पोहते. तिच्या मापाच्या जगात टाळ्यांचा फारसा उपयोग नसतोच. पुढे ती तळाशी एखादा आधार शोधते, धाग्यांनी बांधून घेते आणि बदलत्या शरीरासह बालशिंपला होते. जपानमध्ये हीच सवय मत्स्यशेतीला उपयोगी पडली. समुद्रात जाळीच्या पिशव्या टांगल्या की अळ्या त्यांवर येऊन बसतात आणि मग त्यांची पिल्ले वाढवता येतात.

इथून पुढे शिंपला रोजनिशी लिहू लागतो. पेक्टेन मॅक्सिमसच्या सपाट झडपेवर भिंगातून पाहिले तर अत्यंत बारीक, समांतर रेघा दिसतात. वाढीच्या हंगामात रोज एक रेघ उमटते. थंडीत वाढ थांबते किंवा मंदावते आणि तिथे रेघा दाटून वार्षिक कडे तयार होते. शिंपल्याच्या चुन्यात ऑक्सिजनचे हलके आणि जड असे दोन्ही अणू असतात, आणि पाणी जितके थंड तितके जड अणूंचे प्रमाण थोडे वाढते. त्यामुळे रेघ मोजून दिवस ठरवता येतो आणि त्याच रेघेतला चुना तपासून, पाण्यातले मूळ प्रमाण लक्षात घेऊन, त्या दिवशीचे तापमानही काढता येते. तापमापक नसलेल्या किनाऱ्याचा, आणि काही वेळा तापमापक तयार होण्यापूर्वीच्या काळाचा, असा दिवसागणिक लेखाजोखा देणारी साधने फार थोडी आहेत.

या प्राण्यांची मासेमारी बहुधा दातेरी लोखंडी चौकट तळावरून ओढून होते. त्यात तळावरची इतर जीवसृष्टीही खरवडली जाते, आणि हे नुकसान गंभीर आहे. उत्तर अमेरिकेजवळच्या जॉर्जेस बँक या उथळ भागात १९९४ मध्ये काही क्षेत्रे तळ ओढणाऱ्या जाळ्यांसाठी बंद करण्यात आली. हेतू मुख्यतः माशांच्या घटत्या संख्येला सावरण्याचा होता, पण चार-पाच वर्षांत त्या क्षेत्रांतल्या स्कॅलॉपचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढले. एका जागी राहणारा, वेगाने वाढणारा प्राणी थोडा काळ मोकळा सोडला की काय होते, याचे हे फार ठळक उदाहरण आहे.

स्कॅलॉपचा शिंपला मुख्यतः कॅल्साइट या खनिजाचा असतो. इतर अनेक शिंपल्यांत अ‍ॅरागोनाइट हे त्याच रसायनाचे दुसरे रूप जास्त असते, आणि ते जमिनीखालच्या पाण्यात लवकर विरघळते. म्हणून ज्या खडकात तिसऱ्यांसारख्या प्राण्यांचे फक्त साचे उरतात, तिथे स्कॅलॉप कधी कधी जसाच्या तसा सापडतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या अशाच एका मोठ्या जीवाश्म शिंपल्याचे चित्र इंग्लिश निसर्गअभ्यासक मार्टिन लिस्टर यांनी १६८७ मध्ये छापले. उत्तर अमेरिकेतल्या जीवाश्माचे ते पहिले शास्त्रीय चित्र मानले जाते. १८२४ मध्ये त्याला अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन यांच्या नावावरून नाव मिळाले, आणि आज तो चेसापेक्टेन जेफरसोनियस म्हणून ओळखला जातो. अशा लाखो वर्षांपूर्वीच्या झडपेवरही कानाखालची खाच तपासता येते, आतल्या डागाच्या मापावरून स्नायू केवढा होता ते कळते, बिजागरीतल्या खोबणीवरून गादी केवढी होती ते कळते, आणि जाडी व खोलगटपणा यांवरून तो प्राणी तळावर पडून राहत होता की झडपा आपटत पाण्यात झेपावत होता, हेही बऱ्याच खात्रीने सांगता येते.